कोंडवाड्याच्या दरवाज्याची व्यथा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा. भोर संस्थानातल्या एका डोंगराखालच्या गावात, मोकाट गुरं कोंडायच्या कोंडवाड्याला मला बसवलं. एकोणीसशे चौतीस-पस्तीस साल असेल. दंड भरला की जनावर सुटायचं. पिकं वाचायची, म्हणून लोक मला नावाजायचे, आणि मीही फुशारून जायचो.

एका उन्हाळ्यात गावाचे पाण्याचे हाल झाले. विहिरीतला गाळ काढायचा होता, कोंडवाड्यात गुरांसाठी हौद बांधायचा होता. पंचांनी घरामागं आठ आणे पट्टी सुचवली. गावात सगळ्यांत मोठं घर गेनबांचं. ते उसळले, "घर आमचं, पट्टी कशापायी? कोंडवाडा हाय की! ज्याची ढोरं सुटत्याल, त्यो भरील." सगळ्यांनी माना डोलावल्या. अख्ख्या गावाचा खर्च माझ्या डोक्यावर आला हो!

राखणदार म्हादूचा पगारही आता दंडातूनच निघायचा. गेनबांच्या गुरांमागे गडी असे. सापडायची ती वर डोंगरातल्या डोंगरवाडीच्या गरिबांची गुरं. एकदा म्हादूने वाटेकडेला चरणारी, त्याच वाडीच्या सोजराबाईची गाय हाकून आणली. तिचं सगळं घर त्या गाईवर चालायचं. "दादा, कुनाच्या रानात न्हाई गेली वो ती," सोजराबाई रडत म्हणाली.

"मावशे, म्या तरी काय करू? दंड आण," म्हादू खाली मान घालून म्हणाला.

उसने पैसे आणायला ती वाडीवर गेली. दोन दिवस म्हादूने घरच्या घागरीतलं पाणी गाईला पाजलं. तिसऱ्या दिवशी पंचांनी त्याला दामटलं, पैसे कमी पडतात, आणखी गुरं धर. तो दिवसभर लांबच्या रानात हिंडत राहिला. हौद तर बांधलाच नव्हता. उन्हात गाय माझ्या फळ्या चाटत राहिली. मेलं माझं लाकूड, थेंबभर पाणी देईल तर शपथ! संध्याकाळच्या आत तिने प्राण सोडला.

सोजराबाई पदराला पैसे बांधून आली. तिने मला उघडलं आणि ती गाईच्या मानेवर हात ठेवून बसली. गाव जमलं. गेनबाही आले.

"पानी समद्या गावाला पायजे व्हतं," ती म्हणाली, "मंग माज्या एकटीची गाय कशापायी घेतली वो?"

पुढच्या आठवड्यात पट्टी बसली, मोठ्या घराला जास्त, झोपडीला कमी. पहिली पट्टी गेनबांनी भरली. हौदही झाला. सोजराबाई मात्र त्या वाटेने पुन्हा कधी उतरली नाही.

मित्रांनो, गावाच्या पट्टीला नाही म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग ती कुणाच्या गोठ्यातून वसूल होणार आहे, एवढं आधी विचारा.