सातव्या मिनिटातली सावली

मी एक भयपट बोलतोय. लांबी अकरा मिनिटं, त्यात नावांचंच एक मिनिट. मला पाहून आजवर फारसं कुणी घाबरलेलं नाही. उलट मीच सगळ्यांकडे संशयानं बघतो. माझा जन्मच संशयात झाला, त्याला मी काय करू?

माझा दिग्दर्शक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. "आठवडाभर लोकांचं रक्त काढतो आणि रविवारी आमचं पितो," असं त्याची धाकटी बहीण म्हणायची. कॅमेरा तीच धरायची, म्हणजे तिचा फोन. आई भूत झाली होती. केस मोकळे सोडून, तोंडाला पीठ फासून ती मध्येच गॅस बंद करायला जायची. भर दुपारी खिडक्यांना ब्लँकेटं लावून रात्र केली होती.

बाबांना मात्र मी जन्माआधीपासून नकोसा. "माझ्या घरात हे भुताटकीचे उद्योग नकोत," म्हणून शूटिंगच्या दिवशी ते चपला घालून बाहेर निघून गेले.

माझ्या मोठ्या प्रसंगात आई चार मिनिटं भिंतीकडे सरकत जाते. नेमकं तेव्हाच मागचं दार वाऱ्यानं धाडकन आपटायचं. आठ वेळा शॉट वाया गेला. सगळे दारावर खेकसले, पण त्याला साधी वीट लावायचं एकालाही सुचलं नाही. नवव्यांदा जमलं.

मग एडिटिंगला बसल्यावर दिसलं. सातव्या मिनिटाला, आईच्या मागे, दाराच्या फटीत एक सावली होती. जराही न हलता उभी.

"हे तुझंच काम," दिग्दर्शक बहिणीला म्हणाला. "माझी फजिती करायला कुणाला तरी उभं केलंस."

"दादा, फोन धरून माझे हात भरून आले होते. माणसं कधी उभी करू?"

"मग आपोआप आली का ती?"

"माझी तर पाठ होती रे तिकडे," आई म्हणाली. मला तिचाही संशय आला.

चार दिवस भाऊ-बहीण बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यानं मला पुसून टाकायचं ठरवलं. बोट बटणावर होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात बहीण कानाला हेडफोन लावून आली.

"थांब. आठ वेळा दार आपटलं. नवव्यांदा का नाही आपटलं?"

दोघांनी चित्र मोठं केलं. दाराच्या कडेवर चार बोटं होती आणि त्या उजव्या हातात घड्याळ. उजव्या हातात घड्याळ घालणारा घरात एकच माणूस होता.

बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. "दार आपटत होतं. धरून उभा राहिलो. एवढं काय त्यात?"

"पण चार मिनिटं, बाबा?"

"तू 'कट' म्हणालाच नाहीस."

दिग्दर्शकानं बहिणीची माफी मागितली आणि तो शॉट तसाच ठेवला. शेवटच्या नावांत आता 'भूत: आई' आणि 'सावली: बाबा' असं येतं. बाबा सगळ्यांना सांगतात, "मी ते काही बघितलेलं नाही."

खोटं आहे. दुपारी घरात कुणी नसलं की ते मला लावतात, आवाज अगदी बारीक करून. सातव्या मिनिटाला ते थांबतही नाहीत. अगदी शेवटी, पडद्यावर फक्त त्यांच्या मुलाचं नाव उरतं, तिथे ते मला थांबवतात. चष्मा पुसतात आणि बघत बसतात.

हे घरात कुणालाच माहीत नाही. तुम्हीही बोलू नका. त्यांना नुसता संशय आला, तरी ते मला लावायचं बंद करतील.