धाकटीचे नवे ब्रेक

त्या घरातले दोघे भाऊ सगळं निम्मं-निम्मं करत. बागेला पाणी निम्मं, जिना झाडणं निम्मं, आजारी नातेवाइकांना भेटून येणंसुद्धा निम्मं. त्यामुळे घरात भांडण असं होत नसे. फक्त कुठलंही काम पुरतं कुणाचंच नसे, म्हणून बिघडलं तर दोष कुणाच्याच अंगाला चिकटत नसे.

वाटणीबाहेर एकच गोष्ट होती. धाकट्याच्या बायकोची लाल गाडी. मूर्ती लहान, पण ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला की पाठ सीटला चिकटेल अशी. धाकटी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. थोरले दीर तिला 'सिस्टरबाई' म्हणत, निम्मं कौतुकाने, निम्मं खिजवायला. दरवर्षी ती डोंगररस्त्याच्या शर्यतीत उतरायची. गेल्या खेपेला उतारावर ब्रेक इतके तापले की पेडल लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, आणि गाडी गवताच्या भाऱ्यांत नाक खुपसून थांबली.

तेव्हापासून थोरल्यांचा डोळा गाडीवर होता, म्हणजे आधीपासूनचाच; आता कारण मिळालं होतं.

"शर्यत पुरे. गाडी माझ्या दुकानाला द्या," ते म्हणाले. दुकान चष्म्यांचं. चष्म्याच्या काड्या पोचवायला एवढा वेग कशाला लागतो, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

"मी ब्रेक बदलते, भाऊजी," धाकटी म्हणाली. "मग तुम्हीच शेजारी बसून पारखा. नाही पटलं तर किल्ली तुमची."

"शब्द?"

"शब्द."

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यालाच पैजेवर लावलं होतं.

रविवारी सकाळी घरामागच्या बोळात गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. पुढची दोन्ही चाकं निघाली. ब्रेकच्या जुन्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या, जळलेल्या तव्यासारख्या निळ्या पडल्या होत्या. नव्या डिस्क ताटाएवढ्या, मधे हवा खेळायला फटी असलेल्या. जुन्या रबरी नळ्यांच्या जागी तारेचं विणकाम केलेल्या पोलादी नळ्या, म्हणजे दाबाखाली फुगायला नकोत. आणि डिस्कला चिमटीत धरणारे मोठे कॅलिपर, एक डावा, एक उजवा.

पारखायला आलेले थोरले हात बांधून थोडेच बसणार? त्यांनी बाह्या सरसावल्या, गाडीच्या नाकासमोर उभे राहिले आणि कॅलिपरची खोकी वाटली. "हे डावं माझं, हे उजवं तुझं." धाकट्याने मान डोलावली. लहानपणापासून तो तेच करत आला होता. धाकटी मागची चाकं काढून त्यांची ब्रेक पॅड बदलत होती. दोघे भाऊ एका कामात न भांडता गुंतलेत, हे बघून तिला बरंच वाटलं.

सगळं घट्ट झाल्यावर नळ्यांतली हवा काढायची पाळी आली. थोरली जाऊ गाडीत बसून पेडल दाबणार, धाकटी खाली कॅलिपरचं छोटं निपल सैल करून हवा आणि तेल बाटलीत सोडणार.

"दाबा, जाऊबाई. धरा. सोडा."

"अगं, हे तर उशीसारखं लागतंय."

"पुन्हा दाबा."

डबाभर ब्रेक ऑइल संपलं. दुसरा डबा उघडला. बाटलीत येणारं तेल नितळ, त्यात एकही बुडबुडा नाही, आणि पेडल मात्र तसंच, थेट जमिनीपर्यंत.

"महागाच्या नळ्या," थोरले कनवाळूपणे म्हणाले. "सगळ्यांनाच झेपतात असं नाही." मग ते बायकोला म्हणाले, "जरा सरक," आणि आरसा आपल्या उंचीला लावून पाहिला.

"अहो, अजून गाडी तिची आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"मी फक्त बघतोय."

धाकटीने पाना खाली ठेवला. ती डांबरावरच बसली, पाठ दाराला टेकवून. हवा आत आहे, नाहीतर पेडल असं लागणार नाही. मग ती बाहेर का येत नाही? तिने मान वाकडी करून कॅलिपरकडे पाहिलं. निपल खालच्या टोकाला होतं.

ती हसायलाच लागली.

"काय गं, डोक्यावर परिणाम झाला का?" नवरा घाबरला.

"मी इंजेक्शनची सुई कशी धरते? टोक वर. टिचकी मारली की बुडबुडा वर जातो, मग दाबायचं. हे निपल बघ, खाली आहे. हवा वर बसलीय मजेत, आणि आपण खालून तेल काढतोय. कॅलिपर उलटसुलट लागलेत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे."

"मी लावलंय ते," थोरले म्हणाले.

"हो. पण भाऊजी, वाटणी करताना तुम्ही गाडीकडे तोंड करून उभे होतात. तुमचा डावा हात गाडीच्या उजव्या बाजूला. डावं-उजवं गाडीत बसून मोजायचं."

जाऊबाई आतून इतक्या हसल्या की कोपर लागून हॉर्न वाजला.

 थोरल्यांनी पाना उचलला. दोघा भावांनी कॅलिपर काढले, बाजू बदलल्या, निपलं वर आली. पहिल्या दाबालाच बाटलीत हवेचा फेस फुसफुसला.

"दाबा, जाऊबाई."

"अगं बाई! हा तर दगड झाला."

चाकं चढवून धाकटीने रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून बरेचदा गाडी हळू केली, पण थांबवली नाही, म्हणजे नवी पॅड नव्या डिस्कवर नीट बसावीत. ब्रेक निवेपर्यंत गाडी चालवत ठेवली. मग परत येऊन शेजारचं दार उघडलं. "या."

थोरल्यांनी पट्टा बांधला, तो दोनदा ओढून पाहिला. गाडी सुटली. रस्त्याच्या टोकाची भिंत समोर येऊ लागली, आणि ते म्हणाले, "आता... अहो, आता!" धाकटीने अजून जरा वाट पाहिली. मग ब्रेकवर पाय.

गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. थोरल्यांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. भिंत अजून पुष्कळ लांब होती.

त्यांनी चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला. "पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा झालं. चष्मा या वेळी त्यांनी हातात धरला होता.

"आणखी एकदा. जरा जोरात घ्या, सिस्टरबाई."

तिसऱ्या खेपेला ते लहान मुलासारखे ओरडले, आणि चौथ्यांदा तोंड उघडायच्या आत धाकटी गाडी बोळाशी आणत म्हणाली, "उतरा आता. पॅड माझी झिजतात."

ते उतरले. बोळाच्या तोंडाशी जमलेल्या शेजाऱ्यांना सांगू लागले, "आम्हीच बसवले. कॅलिपरची बाजू फार जपावी लागते." नवऱ्याने हरकत घ्यायला तोंड उघडलं. धाकटीने काचेतून त्याला डोळ्यानेच गप्प केलं. किल्ली तिच्याजवळ होती. एवढं श्रेय त्यांना खुशाल पचू दे.

तिने आरसा आपल्या उंचीला आणला, गिअर टाकला, आणि डोंगराच्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणाआधी इंजिनाचा आवाज चढत चढत गेला, क्षणभर थबकला, आणि वळणापलीकडून पुन्हा दुप्पट जोराने उठला.