दारातला खर्ज

"काच खाली कर आधी! पूर्ण! आता वर!"

बाबा, म्हणजे माझे सासरे, गाडीच्या उघड्या दाराशी गुडघ्यांवर बसून ओरडत होते. मी ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीवर आठ महिन्यांची लेक. बटण दाबलं. काच खाली गेली, वर आली, कुठे अडली नाही.

"शाबास! नाहीतर खर्जाच्या नादात काचेचा मुडदा पडायचा."

चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या कारखान्यात फक्त दारं बसवली. तिथे त्यांना 'दारवाले' म्हणूनच ओळखायचे. निवृत्तीला चार वर्षं झाली, आणि परवा त्यांनी अचानक जाहीर केलं, आपल्या गाडीत गाणं पत्र्याच्या डब्यात वाजतं, खर्ज औषधालाही नाही, तो मी आणणार.

"मग स्पीकर नवे घ्या ना," मी मोठ्याने म्हटलं. हल्ली त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावं लागायचं.

"स्पीकर काय करील बिचारा? त्याचं घर गळकं आहे." त्यांनी दाराचं आतलं आवरण काढून दाखवलं. मागच्या पत्र्याला पंजा जाईल एवढाली भोकं, त्यांवर फाटका प्लास्टिकचा कागद. "तो पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो. मागची हवा या भोकांतून पुढे येते आणि पुढचीला खाते. बारीक आवाज वाचतो, जाड मरतो. भोकं बुजवायची, पत्रा जड करायचा. मग बघ!"

इतक्या हुरुपाने बोलताना मी त्यांना चार वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि माझ्या पर्समध्ये पाळणाघराचा भरलेला अर्ज होता.

मंगळवारी मी अंघोळ करून बाहेर आले, तर लेक पाळण्यात रडून रडून लालबुंद, आणि बाबा दोन पावलांवर पाठमोरे पेपर वाचत बसलेले. त्यांनी शांतपणे पान उलटलं. कारखान्यातल्या ठोकाठोकीने त्यांचे कान गेलेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. किती गेलेत, ते मला त्या दिवशी कळलं. मी लेकीला उचललं आणि आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी गुपचूप पाळणाघराचा अर्ज आणला.

उद्या, सोमवारी, मी कामावर रुजू होणार होते. नातीला आपण सांभाळायचं हे बाबांनी ती जन्मायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तीही झोपायची ती त्यांच्याच छातीवर. ते तोंड मिटून 'हूं... हूं...' असं काहीतरी बेसूर घुमवायचे आणि ही पाच मिनिटांत गार. त्यांना सांगायचं कसं?

"झोपलीस काय? काप!" बाबांनी कात्री पुढे केली.

लेकीला मागच्या सीटवर तिच्या खुर्चीत बांधलं, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि कामाला लागले. डांबरासारखे काळे, चिकट तक्ते मी कापायचे, बाबांनी पत्र्यावर चिकटवून लाटण्याने दाबायचे.

"माझं लाटणं!" खिडकीतून सासूबाई कडाडल्या.

"धुऊन देतो!"

"धुऊन कसलं देताय? ते आता गाडीलाच ठेवा!"

बाबा हसले. बोटाच्या पेरानं त्यांनी पत्रा ठोकला. सकाळी तो टण्ण वाजत होता, आता नुसता ठप्प. मलाही चेव चढला. स्पीकरभोवती फोमची कडी बसवली, स्क्रू आवळले, पर्स कुठे ठेवली तेही विसरले. दुपारी दोन्ही दारांची आवरणं चढली. बाबांनी पेन ड्राइव्ह लावला आणि दाराला तळवा टेकला.

गाणं सुरू झालं. पातळ! सकाळपेक्षाही पातळ!

"आला?" त्यांनी विचारलं. डोळे लहान मुलासारखे.

'हो' म्हणायचा मोह झाला. त्यांना कुठे कळणार होतं?

"नाही आला, बाबा."

"मलाही वाटलंच. थरथरीने हात भरत नाही." ते एकदम उठले. "भिंतीवरच्या घड्याळातला सेल आण! पळ!"

मी पळाले. मागून सासूबाई, "आता घड्याळही बंद पाडा!"

आवरणं पुन्हा उतरली. बाबांनी डाव्या स्पीकरच्या तारांना सेल टेकवला. मधला कागदी पडदा टुणकन बाहेर उडाला. मग उजव्याला. पडदा आत गेला.

"उलटा!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय," बाबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी आणि तुझी सासू! चौतीस वर्षं दारं बसवली आणि तार उलटी जोडली. कुणाला सांगू नकोस."

"गल्लीभर सांगणार!"

उजव्याच्या दोन तारांची त्यांनी अदलाबदल केली. मी बटण दाबलं आणि माझ्या बरगड्यांत कुणीतरी ढोल ठेवला! बाटलीतलं पाणी थरथरलं. सीटच्या पाठीतून घुमारा अंगात चढला. "आला! बाबा, आला!" मी किंचाळले. ते दोन्ही तळवे दाराला लावून डोळे मिटून हसत होते. मागे लेक हातपाय झाडत खिदळत होती.

"आता दोन नंबरचं लाव," ते म्हणाले.

दोन नंबरला गाणं नव्हतंच. हूं... हूं... बाबांचाच आवाज, त्यांच्या छातीतून यायचा तसाच, दोन्ही दारांतून. लेकीचे हातपाय थांबले. अंगठा तोंडात गेला.

"फोनवर भरून घेतलं," बाबा स्क्रू आवळत म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. "पाळणाघरापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता आहे. ही रडेल, आणि तुझ्या हातात स्टिअरिंग."

"बाबा, तुम्हाला कुणी..."

"मंगळवारी मागे वळून पाहिलं, तर फरशीवर तुझी ओली पावलं. पाळण्यापर्यंत धावत आलेली. पाळणा रिकामा." त्यांनी स्क्रू आणखी आवळला. "छातीशी असली की तिचं रडणं मला कळतं गं. लांबून नाही कळत. तुझ्या पर्समधून अर्ज डोकावत होता, त्यावरचं नाव वाचून ते बागेजवळचं पाळणाघर मी बघून आलो. चांगलं आहे. दार घट्ट लागतं, मी लावून पाहिलं."

"बघत काय बसलीस? एक चक्कर मारून ये. खडखडतंय का कुठे, नीट ऐक."

त्यांनी बाहेरून दार लावलं, अगदी अलगद, आणि काचेखाली तळवा टेकवला. ओठ हलले, "वाजतंय ना?" मी मान डोलावली.

मागे लेक झोपली होती. मी गाडी हळूच पुढे काढली. आरशात पाहिलं, तर बाबा तिथेच उभे होते. तळवा अजून दाराच्याच उंचीवर धरलेला होता.