वेंडेलीनच्या टाकीतला जांभळा तुकडा

ओलोमोउत्स शहरात घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यात दोब्रोमिलाला माणसं दोनच प्रकारची दिसत: एक ती स्वतः, आणि बाकीची सगळी गाढवं. त्यातही वेंडेलीन बेकरीवाल्याचा नंबर पहिला. त्याच्या टाकीत हिरवं केसाळ शेवाळ इतकं माजलेलं, की मासे शोधावे लागत. पाहुणे आले की हा टाकीवरचा दिवा नुसता निळा करी. निळ्या उजेडात प्रवाळ चमकत आणि शेवाळ दिसेनासं होई. वर हा बाबा कौतुकाची वाट बघत उभा राही.

मंडळाचा एक नियम होता. ज्याच्याकडे दुर्मिळ प्रवाळ असेल त्याने त्याचा एक तुकडा दुसऱ्याच्या टाकीत ठेवायचा, म्हणजे आपलं मेलं तर तिथून परत आणता येतं. दोब्रोमिलाने अकरा वर्षं वाढवलेल्या जांभळ्या प्रवाळाच्या लायकीचं तिला कुणीच दिसेना. शेवटी मंडळाने चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकं वेंडेलीनचं नाव निघालं. तिने तुकडा दिला, सोबत सूचनांचा कागद दिला आणि विचारलं, "वाचता येतं ना?"

हे मार्चमधलं. सप्टेंबरात तिच्या टाकीवरच्या जुन्या ट्यूबलाइट बाजारात मिळेनाशा झाल्या आणि तिला एलईडी दिवा घ्यावा लागला. नवा दिवा आधी मंद ठेवायचा, मग हळूहळू वाढवायचा, हे सांगून सांगून तिनेच मंडळाचे कान किटवले होते. पण तो नियम नवशिक्यांसाठी. तिने पहिल्याच दिवशी दिवा पूर्ण लावला. पाचव्या दिवशी जांभळं प्रवाळ पांढरंफटक पडलं, आणि पंधरवड्यात त्याच्या सांगाड्यावर तेच हिरवं केसाळ शेवाळ उगवलं. ती जुन्या टूथब्रशने ते खरवडायची, दोन दिवसांत ते पुन्हा हजर. प्रवाळ मेलंय हे तिला कळत होतं, तरी ती खरवडत राहिली.

आता ते प्रवाळ उरलं असलंच, तर त्या गाढवाच्या टाकीत. रविवारी दुपारी नाक मुठीत धरून ती वेंडेलीनकडे गेली.

"या बाई. चीज खाणार? ताजं आणलंय, घरभर वास सुटलाय."

"मला वाटलं टाकीचाच वास. तो निळा तमाशा आधी बंद करा. पांढरा लाइट लावा."

"पांढऱ्यात शेवाळ दिसतं हो."

"म्हणूनच लावा."

त्याने लावला. आत नुसतं कुरण.

"यात गायी सोडा," ती म्हणाली. "माशांना खायला किती घालता?"

"मागतील तेवढं. बेकरीवाला माणूस मी, कुणाला उपाशी ठेवायला जीव होत नाही."

"आणि पाणी? नळाचं?"

"घाई असली की."

"मेला असेल माझा तुकडा. सांगून टाका."

वेंडेलीनने बोट दाखवलं. उजव्या कोपऱ्यात वीतभर दगड घासून लख्ख केलेला होता, आणि त्यावर मुठीएवढं झालेलं जांभळं प्रवाळ.

"एवढा कोपरा रोज घासतो. सगळी टाकी घासायला वेळ कुठला हो?"

"पण दिवा? किती ठेवलात?"

त्याने टाकीखालच्या कपाटाचं दार उघडलं. आतून तिचाच कागद चिकटवलेला, कडेला पिठाचे ठसे. तिचंच ताठ अक्षर: 'दिवा तीस टक्क्यांवर सुरू करावा. दर आठवड्याला पाच टक्के वाढवावा. ज्याला एवढाही धीर नाही, त्याने बरणीत गोल्डफिश पाळावा.' त्याखाली पेन्सिलीने केलेल्या बरोबरच्या चौदा खुणा.

"माझा दिवा तेव्हा नवाच होता ना," वेंडेलीन म्हणाला. "तुमच्याकडे काय झालं बाई? रोग पडला?"

"रोगच," ती म्हणाली.

त्याने कात्रीने प्रवाळ जपून तोडलं, अर्धं पाण्याच्या पिशवीत घातलं आणि अर्धं नियमाप्रमाणे कोपऱ्यात परत ठेवलं. मग कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"शेवाळाचंही लिहून द्या की. तुम्ही लिहिलेलं मी पाळतो."

दोब्रोमिलाने पेन घेतलं. गाढव कोण, हे तिला आता पुरतं कळलं होतं. त्याला अजूनही कळलं नव्हतं, आणि तेच तिला सोसेना.