दर रविवारी धुतलेला फिल्टर

मी एक जुना एअर फिल्टर आहे, आणि मित्रांनो, माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ते का, हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

मोटारसायकलच्या इंजिनाला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा लागते. ती गाळून आत सोडणे, एवढेच माझे काम. कंपनीतून गाडी येते तेव्हा त्या जागी कागदाचा फिल्टर असतो; तो मळला की बदलायचा. मी मात्र नंतर हौसेने बसवण्याचा प्रकार. माझे अंग सुती जाळीच्या घड्यांचे, तिला तारेचा आधार आणि कडेला रबर. सुतावर चिकट लाल तेल असते. धूळ अडते ती सूत आणि तेल या दोघांमुळे; एकट्याने कोणाचेच भागत नाही. माझ्या खोक्यावर छापले होते की माझ्यामुळे इंजिनाची ताकद वाढते. किती वाढते आणि कोणी मोजली, हे छापलेले नव्हते.

मला दिल्लीजवळच्या फरीदाबादमधील एका मराठी घरातील मोटारसायकल मिळाली. गाडी चेतनाची. ती गुरुग्रामला एका प्रयोगशाळेत धातू तपासते आणि अरवलीच्या डोंगरातल्या रस्त्याने रोज जाते-येते. तिचा नवरा जहाजावर असतो. घरी सासरे भाऊसाहेब आणि धाकटा दीर अंकुर. मला बसवले ते अंकुरने, तिला न विचारता.

"वहिनी, गिफ्ट! आता आवाज ऐक."

"आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं कुठे शिकलास?"

"यार वहिनी, तुला काही फीलच होत नाही."

आरंभीचे दिवस बरे गेले. मी मळू लागलो. मित्रांनो, हे नीट समजून घ्या: माझ्या अंगावर बसलेली धूळ इंजिनात गेलेली नसते. थोडा मळलेला फिल्टर नव्या फिल्टरपेक्षा अधिक बारीक कण अडवतो. मळ हा माझा अपराध नव्हता, माझ्या कामाचा पुरावा होता.

अंकुरला तो पुरावा पाहवेना. त्याहून खरे सांगायचे तर, त्याला तो दाखवायचा होता. दर रविवारी तो मला गच्चीवर नेई, मोबाइल कठड्याला टेकवून ठेवी आणि सुरू होई. "बघा फ्रेंड्स, किती घाण!" भांड्यांचा साबण, जोराचा नळ, लाल फेस. सावलीत सावकाश वाळू देण्याइतका धीर त्याच्याकडे नव्हता. तो मला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेई आणि टायर भरायच्या हवेचा झोत माझ्यावर सोडायला लावी. त्या झोताने सुताचे धागे सरकतात, हे माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले एकमेव खरे वाक्य होते. मग वरवर तेल फवारायचे, ते घड्यांत मुरण्यापूर्वीच मला गाडीत कोंबायचे आणि व्हिडिओच्या शेवटी अंगठा दाखवायचा. लोक त्याची वाहवा करीत. माझ्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळ तोच, जेव्हा माझे सर्वाधिक कौतुक झाले.

यथावकाश गाडी निळसर धूर सोडू लागली आणि इंजिन तेल पिऊ लागले.

"वहिनी इंजिन रगडते," अंकुर जेवताना म्हणाला. "क्लच काय सतत दाबून ठेवायला असतो? मी तर दर आठवड्याला सर्व्हिस करतोय. सगळे बघतात."

भाऊसाहेबांनी ताट सरकवले. "सूनबाई, झाली हौस. पुढच्या महिन्यात गाडी विकून टाकू. तुला मेट्रो आहे, कॅब आहे."

"बाबा, मेट्रोने दिल्लीला वळसा पडतो. आणि गाडी माझी आहे."

"गाडी तुझी, पण खराबही तूच केलीस ना?"

गाडी जाणार होती हे तर होतेच. पण ती चेतनाच्या हातून बिघडली, हे घराने निकाल लावून ठरवले होते, आणि साक्षीदार कोणीच नव्हता. मी होतो. पण मला कोण विचारणार?

तिने मला विचारले. तोंडाने नव्हे. माझ्यामागून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत तिने आतून ग्रीसचा पातळ लेप दिला. आठवडाभर नेहमीच्याच रस्त्याने गाडी चालवली आणि लेप पुसून एका काचेवर घेतला. त्यानंतर तिने मला काढले, कंपनीचा कागदी फिल्टर बसवला, नळीत नवा लेप देऊन त्याच रस्त्याने आणखी एक आठवडा गाडी चालवली आणि तो लेप दुसऱ्या काचेवर घेतला. माणसांविषयीचे माझे मत त्या दिवशी किंचित सुधारले.

रविवारी तिने दोन्ही काचा भाऊसाहेबांसमोर ठेवल्या.

"दिल्लीची हवाच तशी आहे वहिनी," अंकुर हसला. "धूळ तर येणारच."

"बरोबर. म्हणून दुसरी काच आहे. हवा तीच, रस्ता तोच, चालवणारीही मीच. बाबा, दोन्हींवर बोट घासून बघा."

भाऊसाहेबांनी कागदी फिल्टरची काच घासली. ग्रीस गुळगुळीत लागले. माझ्या काचेवर बोट फिरले तेव्हा करकर ऐकू आली. ग्रीस पुसले, तर काचेवर बारीक ओरखडे होते.

"वाळूचा कण काचेला ओरखडतो," चेतना म्हणाली. "इंजिनात तो लोखंडालाही सोडत नाही. ते झिजलं की तेल जळतं आणि निळा धूर येतो." मग तिने मला उचलून खिडकीकडे धरले. माझ्या घड्यांतून उजेडाचे टिपके दिसत होते, जिथे धागे सरकले होते तिथे.

"अच्छा, म्हणजे मालच डुप्लिकेट निघाला," अंकुर म्हणाला.

"माल ठीक होता. तू त्याला स्वच्छ करून मारलास."

भाऊसाहेबांनी गाडी पाहायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून सांगितले, आणि इंजिन उघडून घ्यायला अंकुरनेच गॅरेजला जायचे, असे ठरले. सुनेची माफी त्यांनी मागितली नाही. अंकुरने ते व्हिडिओ अजून काढून टाकलेले नाहीत.

चेतना आता त्याच गाडीने जाते. तिच्या गाडीत कागदी फिल्टर आहे आणि गाडीला हात लावण्यापूर्वी अंकुरला तिची परवानगी लागते. मी तिच्या प्रयोगशाळेत, मधोमध कापलेला, नव्या लोकांना दाखवण्यासाठी ठेवलेला आहे.

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. माझी पुष्कळ काळजी घेतली गेली. काळजी घेण्यापूर्वी त्या काळजीने बरे होते की वाईट, हे मोजा. मोजायचे नसेल, तर हात लावू नका.