बोहनीचा भाव

खुरपं मातीत खुपसून साखराबाई तडक बांधाकडं निघाली, तेव्हाच मी ओळखलं, आज काही कापसाची खुरपणी पुरी होत नाही. श्रावण लागला होता आणि पावसानं दहा दिवस दडी मारली होती. वरची काळी माती पापडासारखी वाळलेली, खाली मात्र चिखल, त्यामुळं पाय उचलावा तर वहाण तिथंच राहायची. आम्ही नऊ बायका होतो. नऊच्या नऊ तिच्या मागं गेलो. काम थांबवायला निमित्त मिळत असेल तर कोण सोडतं?

लिंबाखाली किशनराव खाटेवर पेपर वाचत बसले होते. साठ एकरांचे मालक. माणूस वाईट नाही, पण हातून रुपया सुटताना त्यांच्या पोटात कळ येते.

"मालक, पंचवीस रुपये रोजात भागत न्हाई आता," साखराबाई म्हणाली. "तीस करा."

"काहून? माझ्या रानात काय सोनं पिकायलं का?"

"उज्वला लातूरला हाय शिकायला. खोली, डबा, शिकवनी. कुठून आनू मी?"

ही उज्वला तिची एकुलती एक. त्र्याण्णवच्या भूकंपात शाळेच्या भिंतींना चिरा गेल्या म्हणून पोरं दोन वर्षं पत्र्याच्या शेडात बसली. त्या भट्टीत शिकून पोरगी दहावीला तालुक्यात तिसरी आली. मग काय, सगळं जग लातूरला शिकवणीला पळत होतं, तीही गेली. एका खोलीत चौघी राहायच्या. महिन्याच्या महिन्याला डब्याचे पैसे पोचले नाहीत तर गाठोडं बांधून घरी, आणि घरी आली की पुढच्या मृगाला आमच्या ओळीत दहावी बाई. साखराबाईला रात्रंदिवस हीच धास्ती होती.

किशनरावांनी पेपरवर बोट ठेवलं. "हे बघ, छापून आलंय. शेतमजुराची महागाई उतरली. तुमचा खर्चच कमी झालाय तर मजुरी कशापायी वाढवू?"

"कुनाचा खर्च कमी झाला?"

"तुझाच की! तो नांदेडचा साहेब महिन्याच्या महिन्याला आपल्या बाजारातून भाव लिहून नेतो. मी न्हाई सांगायलो, सरकार सांगायलंय."

सरकारशी कोण भांडणार? आम्ही परत ओळीत जाऊन बसलो. साखराबाई मात्र गवताशी असं भांडत होती, की तिच्या ओळीत चार कापसाची झाडंही उपटली गेली.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ती मला भल्या पहाटे एसटीच्या थांब्यावर घेऊन गेली. मुखेडहून पहिली गाडी आली आणि त्यातून ते भाव लिहून नेणारे नांदेडचे शिवशंकर साहेब उतरले. किडकिडीत अंगकाठी, खांद्याला पिशवी, हातात कागद लावलेली पाटी. भूकंपानंतर गावात विचारणारे इतके आले होते, की भिंत केवढी फाटली इथपासून घरात म्हशी किती इथपर्यंत सगळं विचारून गेले. त्यात हा तीन वर्षं भाव विचारतोय, याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

साखराबाई त्यांच्या मागोमाग निजामोद्दीनच्या किराणा दुकानाशी गेली. साहेबांनी विचारलं, "तूरडाळ?"

"अठरा रुपये, साहेब," निजामोद्दीन म्हणाले.

"निजाममामू!" साखराबाई ओरडलीच. "परवा मला बावीसला दिली तुमी! मी काय गोड बोलत न्हाई म्हनून चार रुपये जास्त?"

निजाममामू कसनुसे झाले. माणूस सज्जन, खोटं पचत नाही त्यांना. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली.

"बेटी, ऐक तर. साहेब येतात पहिल्या गाडीनं. बोहनी झालेली नसते. पहिलं गिऱ्हाईक तसंच परत गेलं की दिवसाची बरकत जाते. म्हणून मी पडता भाव सांगतो, म्हटलं पावशेर तरी घेतील. तर हे लिहितात आन् जातात! मग एखाद्या महिन्यात मी आणखी आठ आणे उतरवतो. तीन साल झाले, एक दाणा न्हाई घेतला यांनी!"

"मला घ्यायचं नसतं हो," साहेब गडबडून म्हणाले. "फक्त विचारायचं असतं."

शेजारच्या बांगडीवाल्या शहजादीबी फणकारल्या, "बोहनीला नुसतं विचारनारा मानूस म्हंजे मांजर आडवी गेल्यागत! मी तर काय बी सांगते, म्हंते एकदाची बला टळू दे."

पलीकडून मिरचीवाल्या नागम्मानंही हात वर करून कबुली दिली. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तीन वर्षं त्या बिचाऱ्यानं अख्ख्या बाजाराचा बोहनीचा भाव गोळा केला होता आणि कागदावर आमच्याइतकं स्वस्त गाव तालुक्यात दुसरं नव्हतं. मला हसू आवरेना. साखराबाईला मात्र रडू येत होतं. आपल्या लेकीचा डबा या बोहनीपायी अडला, असं तिला वाटत होतं.

"दुपारच्या गाडीनं येत जा की, साहेब."

"दुपारी मला दुसरा बाजार असतो, मावशी. सकाळची ही एकच गाडी सोयीची."

"मग बोहनी आमी करतो," साखराबाई म्हणाली, आणि आम्ही पळतच रानात गेलो, कारण तिकडं उशीर झाला की किशनराव अर्धा रोज कापतात.

एरवी आम्ही बाजार करायचो तो संध्याकाळी, काम सुटल्यावर, उरलंसुरलं स्वस्तात पडतं म्हणून. पुढच्या महिन्यात मात्र त्या गुरुवारी अर्ध्या दिवसाचं काम बुडवून नऊच्या नऊ जणी उजाडायला बाजारात हजर. कुणी पावशेर डाळ घेतली, कुणी तेल, मी शहजादीबींकडून डझनभर बांगड्या भरून घेतल्या. नवऱ्याला सांगितलं, सरकारी काम होतं. गाडी आली तोवर बाजारात एकाही दुकानाची बोहनी राहिली नव्हती.

साहेब विचारत गेले, दुकानदार खरं सांगत गेले. डाळ बावीस, तेल पंचेचाळीस, मिरची साठ. लिहिता लिहिता साहेबांना घाम फुटला.

"एका महिन्यात एवढी वाढ? ऑफिसात मला फाडून खातील."

"खरं हाय ना?" साखराबाईनं विचारलं.

"खरं आहे, म्हणून लिहितोय." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "पण मावशी, अशी शेकडो गावं असतात. एका गावानं आकडा हलत नाही. अन् हलला तरी मजुरी वाढायला वर्ष जाईल."

साखराबाई शहजादीबींच्या पथारीमागं जाऊन बसली. वर्षभर डबा थांबतो होय? मला त्या हातभर बांगड्यांची लाज वाटायला लागली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या आणि शहजादीबींनी तिला पाण्याचा तांब्या दिला.

तेवढ्यात धुवट कपडे घालून किशनराव चहाला आले. दर बाजारी ते निजाममामूंच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसत. आम्ही या वेळी रानात असणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं. बांगड्यांच्या पथारीमागं बसलेल्या बायकांकडं कोण बघतो?

"बरं झालं भेटलात," साहेबांनी कागद उलटला. "मजुरीचे दर तेवढे राहिलेत. बायकांची खुरपणी?"

"पस्तीस," किशनराव बशी फुंकत म्हणाले. "दर महिन्याला तेच तेच काय विचारता? सरकारनं ठरवलेल्या दरापेक्षा कमी देणारा मानूस न्हाई मी. तीन वर्षं पस्तीसच देतो."

आम्ही नऊ जणी पथारीमागून उठून उभ्या राहिलो. साखराबाईनं तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि पुढं झाली.

"लिवा, साहेब. मालकांनी सांगितलं तेच लिवा. पस्तीस."

किशनरावांच्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला तरी त्यांना कळलं नाही. साहेबांनी पेन वरच धरलं होतं. सगळं गाव शिकलेलं नसेल, पण काय चाललंय ते बाजारात प्रत्येकाला समजलं. नागम्मानं तराजू खाली ठेवला. निजाममामूंनी तर समोरच्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं.

"पस्तीसच ना, किशनराव?" साहेबांनी अगदी साधेपणानं विचारलं. "की दुसरं काही लिहू?"

पंचवीस म्हणावं तर सरकारी कागदावर स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल. पस्तीस म्हणावं तर समोर नऊ बायका. किशनरावांनी उपरण्यानं मान पुसली, माझ्या बांगड्यांकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं.

"पस्तीस," ते म्हणाले.

"उद्यापून यिऊ मग त्या रोजानं," साखराबाई म्हणाली. तिनं तीस मागितले होते. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"येळेवर या," किशनराव पुटपुटले आणि चहा अर्धवट टाकून निघून गेले.

साखराबाईनं त्याच पावली मुखेडची गाडी धरली. तिथून लातूर गाठून लेकीला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं तिला. साहेब पिशवी आवरत होते. माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, "साहेब, आमचं काय लिवलं ते वाचून तर दाखवा."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं वाचलं, "खुरपणी, स्त्री मजूर. गेल्या महिन्यात पस्तीस, या महिन्यात पस्तीस. फरक, काही नाही."