पाचवा बदाम

माझ्या सुनेची एक खोड मला मुळीच सहन होत नाही. पत्ते खेळायला बसली की ऐन रंगात आलेला डाव सोडून पानं पालथी टाकते. "मी नाही, आई," एवढंच म्हणते आणि काजं करताना बसते तशी मान खाली घालून बसते.

आमचं शिवणाचं दुकान. सुट्टीच्या दुपारी बेतायच्या टेबलावरचं कापड गुंडाळून ठेवायचं आणि मी, मुलगा, सून असं तिघांनी पोकर खेळायचं. मुलाने कुठून तरी शिकून आणलेला खेळ. पाच पानं वाटायची, नकोत ती बदलायची, आपली पानं भारी वाटली तर बटणं पुढे सरकवायची. धीर नसेल त्याने पानं टाकायची; शेवटी एकटा उरेल तो पानं न दाखवताच जिंकतो. पैशाचं नाव नाही, सगळी टवके उडालेली बटणं.

सुनेला कापड बेतायला हवं होतं. पण दुकानात कात्री चालवते ती मी. तिच्या हाताला सफाई आहे, मी ते तिला कधी सांगितलं नाही एवढंच. पत्त्यांना घाबरणारीच्या हाती लोकांचं भारी कापड कसं द्यायचं, असं मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणत असे.

त्या दुपारी मला चार बदाम आले आणि एक किलवर. किलवर बदलून बदाम आला की पाचही पानं बदामाची, मग डाव माझा.

"एक बदाम हवाय," मी बोलून गेले. "तीन डाव फिरकला नाही, आता येणारच. त्यालाही काही लाज असेल."

"पानांना मागचं आठवत नाही, आई," सून म्हणाली. तिने बटणांचा डबा पुढे ओढला. "यात पाचांमागे एक लाल आहे असं धरा. न बघता काढलं, काळं निघालं, परत टाकून हलवलं. पुढच्या वेळी लाल निघायची आशा वाढते का? तेवढीच राहते. चार बदाम तुमच्याच हातात असणार, म्हणून उरलेल्यांतून बदामही पाचात एकदाच."

"मला नको शिकवूस. पट्टी न लावता मी माणसाची छाती सांगते."

"छाती समोर दिसते, आई," मुलगा म्हणाला. त्याने आपली पानं कधीच टाकली होती.

मी पान उचललं. इस्पिकची सत्ती. हातात काहीच नाही. पण माघार घेणं मला जमत नाही. सगळी बटणं पुढे लोटली आणि वर कात्री ठेवली.

"जिंकलीस तर ही तुझी."

तिने कात्रीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पानं पालथी टाकली. "मी नाही, आई."

"आला होता बरं का बदाम," मी पानं घाईने कॅटमध्ये मिसळत म्हणाले. "घाल तुझा पाचाचा हिशेब चुलीत."

एक बटण घरंगळत तिच्या खुर्चीखाली गेलं. ते घ्यायला मी तिच्या मागे गेले. मी उठले की मुलगा गंमत म्हणून माझ्या खुर्चीत बसतो, तसा बसला आणि कॅटमधली पानं हातात पसरून लावू लागला. मी बटण घेऊन सरळ झाले आणि समोर पाहिलं.

माझ्या खुर्चीमागे गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचा मोठा आरसा आहे. मुलाच्या हातातलं पानन् पान त्यात दिसत होतं. राजा, पंजी, माझी ती सत्तीसुद्धा.

मी सुनेची टाकलेली पानं उलटली. तीन राण्या. माझ्या पानांवर सहज मात.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"पहिल्यापासून. नजर गेली की मी पानं टाकते. बघून जिंकणं म्हणजे चोरीच की."

"मग बोलली का नाहीस?"

"ती तुमची जागा आहे, आई. तुम्हाला तिथून कोण उठवणार?"

मुलाने हळूच खुर्ची सोडली. इतके दिवस मी भित्री म्हणत आले तिला, आणि मघाचं माझं खोटं तिने डोळ्यांनी पाहून, कात्री समोर असताना, गिळलं होतं. मला बसावंसं वाटेना. टेबलाला धरून उभी राहिले, आरशाकडे पाठ करून.

मग कात्री उचलली, मूठ तिच्याकडे करून धरली.

"बदाम आला नव्हता," मी म्हणाले. "तुला ठाऊक आहे, आता यालाही कळू दे. उद्याचा कोट तू बेतायचास. आणि यापुढे मी चुकीच्या जागी बसले असेन तर मला उठवायचं. एवढं धैर्य नसेल, तर काजं करत बस."